दीड हात मागे

विनायकराव कोणाच्याही शेजारी बसत नाहीत. दीड हात मागे आणि किंचित डावीकडे बसतात. लग्नाच्या पंगतीतही त्यांचे पान असे सरकलेले असते की वाढप्याचा तोल जावा. गिरगावातल्या आमच्या चाळीत सगळे त्यांच्याशी मान वळवूनच बोलतात.

हा प्रताप तंबोऱ्याचा. दादरच्या एका संगीतसभेत बावीस वर्षे ते मोठमोठ्या गवयांच्या मागे तंबोरा धरून बसत आले. स्वतः उत्तम गातात; पण सभेचे कार्यवाह नानासाहेब दरवर्षी म्हणतात, "पुढल्या खेपेस नक्की बघू." वैकुंठालाही द्वारपाल आहेत, परंतु त्यांनी असा वायदा केल्याचे पुराणांत आढळत नाही. विनायकराव तरी दर पाडव्याला नानासाहेबांकडे खरवस घेऊन जातात.

"अहो, त्यांना मधुमेह आहे," मी एकदा म्हणालो.

"म्हणून तर गुळाचा नेतो, शास्त्रीबुवा!"

गेल्या माघात मुख्य गवयांची गाडी घाटात अडकली. श्रोते चुळबुळ करू लागले. नानासाहेब विंगेतून म्हणाले, "विनायकराव, तोवर तुम्ही गा. अर्धा तास. लांबवू नका." तिसऱ्या रांगेत माझे हात नकळत जोडले गेले.

त्यांनी यमन आरंभिला, आणि सभागृहाला गाभाऱ्याची शांतता आली. पंधरा मिनिटे झाली असतील. ऐन रंगात ते थांबले. मागे दुसऱ्या तंबोऱ्यावर सुलभाबाई होत्या. सोळा वर्षे त्याही तेच आश्वासन ऐकत होत्या. विनायकरावांनी त्यांच्या हातून तंबोरा घेतला.

"बाई, पुढे या."

"अहो, वेळ तुमचा आहे!"

"माझा आहे म्हणूनच देतोय. चला लवकर, नाना पडदा पाडतील!"

बाई गायल्या. विंगेत नानासाहेब लालबुंद झाले होते. पण सभागृहातून 'वाहवा' उठली, तेव्हा त्यांनाही मान डोलवावी लागली.

परतताना टॅक्सीत मी विचारले, "नानासाहेब काय म्हणाले?"

"यापुढे येऊ नका म्हणाले. तंबोऱ्यालासुद्धा."

ऑपेरा हाऊसपाशी त्यांनी टॅक्सीची काच खाली केली. मग हळूच म्हणाले, "बाईंचं सगळ्यांनी कौतुक केलं. फार बरं वाटलं. माझं... माझं कसं झालं हो?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नसावा. मला गाण्यातले फारसे कळत नाही. तरी मनापासून म्हणालो, "अतिशय सुंदर गायलात."

ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"परत एकदा म्हणा ना," म्हणाले.