साठ किलोमीटरची स्थिर सहल

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, सर्व संबंधितांना पूर्वसूचना देऊन, मी क्रूझर मोटरसायकल घेतली. सर्व संबंधित म्हणजे माझी बायको. "घ्या एकदाची, म्हणजे घरातले ते गाडीचे व्हिडिओ तरी बंद होतील," असं ती म्हणाली. ही संमती मी लेखी घेतली नाही. सत्तावीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाकडून अशी चूक व्हायला नको होती.

खरेदीमागे सबळ कारण होतं. माझ्या बाबांनी बत्तीस वर्षं प्रवासी बस चालवली आणि त्यातली बावीस वर्षं त्यांच्या गाडीवर एकच कंडक्टर होता. हे कंडक्टरकाका आता साठ किलोमीटरवर लेकीकडे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. बाबा ज्या मार्गावर बस चालवायचे तो मार्ग बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती.

"फोनवर तो काय बोलतो ते कळत नाही," बाबा म्हणाले. "समोर बसलो की कळेल. एकदा घेऊन चल मला."

"गाडी आली की पहिल्याच रविवारी," मी म्हटलं. 'येतोच लवकर' असा निरोप मीच काकांना फोनवर देऊन ठेवला.

गाडी आली. क्रूझर म्हणजे बसायला ठेंगणी, लांबीला ऐसपैस आणि वजनाला भारदस्त. पाय पुढे पसरायचे, हात लांब करून हँडल धरायचं आणि कोणी बघत असलं तरी आपण कोणाकडे बघायचं नाही. पहिल्या दिवशी मी अकरा किलोमीटर गेलो. उजवी पोटरी सायलेन्सरने चांगली शेकून निघाली. मग ग्रंथालयासमोरच्या उतारावर मी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली. या गाडीला मागे जायचा गिअर नसतो ही माहिती मला तिथे मिळाली. शेवटी एक पोस्टमन, दोन वाचक आणि ग्रंथपालबाई अशा चौघांनी मिळून ती मागे ओढली.

"उतारावर नेहमी चढाकडे तोंड करून लावावी हो," ग्रंथपालबाई धापा टाकत म्हणाल्या.

सल्ला बिनचूक होता, पण अधिकृत नव्हता. म्हणून मी 'क्रूझर स्वार मार्गदर्शन मंडळा'चा सभासद झालो.

मंडळाचे चौसष्ट सभासद होते आणि अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य होते. दर रविवारी सकाळी आठ वाजता भाड्याच्या सभागृहात सभा भरे. क्रूझर गर्दीच्या रस्त्यावर काढणं धोक्याचं असल्यामुळे सभासद स्कूटरने येत. अध्यक्ष सल्ले फार छान देत. "वळताना चाकाकडे बघू नका. जिथे जायचंय तिथे बघा, गाडी आपोआप तिकडे जाते." हे आम्ही तीन रविवार खुर्च्यांवर बसून गिरवलं. खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबू नये, उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर साइड स्टँडखाली पत्र्याचा तुकडा ठेवावा, दर तासाला उतरून पाणी प्यावं, हेही शिकलो. पाणी आम्ही दर तासाला नियमाने प्यायचो.

चौथ्या रविवारी मी बाबांना मागे बसवून नेण्यासाठी रीतसर अर्ज दिला. मंडळाचे सचिव फरशीचे व्यापारी होते. फरशीला कुठे चीर आहे का ते बघावं तसा त्यांनी तो उजेडात तिरका धरून पाहिला.

"मागे बसणाऱ्याचा पूर्वानुभव?"

"बत्तीस वर्षं बस चालवलीय त्यांनी. एकही अपघात नाही."

"तो पुढे बसण्याचा झाला. मागे बसण्याचा सांगा."

"लहानपणी सायकलवर बसले असतील."

"असतील चालत नाही. बरं, तुमचे सामूहिक किलोमीटर किती?"

"शून्य. एकट्याचे अकरा आहेत."

"एकट्याचे धरत नाहीत. पाचशे सामूहिक लागतात. आणि सामूहिक सहलीत यायचं तर गाडीची पहिली सर्व्हिसिंग झालेली हवी."

मी तडक मेकॅनिककडे गेलो. त्याने मीटर पाहिला.

"साहेब, अकराच? पहिली सर्व्हिस पाचशेला असते. आधी फिरवा, मग आणा."

"फिरवायला सर्व्हिस लागते."

"आणि सर्व्हिसला फिरवावी लागते."

"तेच म्हणतोय मी."

त्याने फडक्याला हात पुसले. "साहेब, तुम्ही नुसते निघालात तर काय होईल?" त्याने विचारलं. त्याचं शिक्षण बेताचं असावं.

इकडे बाबा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसत. "आज?" ते विचारत. "आज सभा आहे, बाबा," मी सांगत असे. मग ते शर्ट काढून हँगरला लावत. सहाव्या आठवड्यात काकांच्या लेकीचा फोन आला. काकांचं बोलणं पार थांबलं होतं. दार वाजलं की फक्त तिकडे बघत होते. मला मनापासून वाईट वाटलं आणि ते मी त्याच दिवशी मंडळाला कळवलं. मंडळालाही वाईट वाटलं. माझ्या अर्जावर 'तातडीचे' असा लाल शिक्का बसला. तातडीचे अर्ज महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विचारात घेतले जातात.

"अहो, किल्ली लावा आणि निघा ना," बायको म्हणाली. "साठ किलोमीटर तर आहे. अडवतंय कोण तुम्हाला?"

"अडवणारं कोणी नाही, हीच तर अडचण आहे. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

ती आत गेली. मुद्दा तिला पटला असावा.

दुसऱ्या रविवारी अध्यक्षांनी तोडगा काढला. आमच्या गाड्यांचे किलोमीटर मागच्या चाकावरून मोजले जातात. म्हणजे मागचं चाक जमिनीपासून चार बोटं उचललं, की गाडी न हलताही किलोमीटर होतात. यात खड्डे नाहीत, कुत्री नाहीत, समोरून येणारा कोणी नाही. "आजवरची सर्वांत सुरक्षित सहल," अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्या झाल्या. मागे बसण्याचा अनुभवही त्यातच नोंदवला जाणार होता. सर्व्हिसिंगची अट हलणाऱ्या गाड्यांपुरतीच आहे, असा खुलासाही झाला.

पुढच्या रविवारी वीस क्रूझर टेम्पोतून सभागृहात आल्या. त्या दोन रांगांत लोखंडी स्टँडवर चढवल्या गेल्या, दारं-खिडक्या उघडल्या गेल्या आणि वाऱ्यासाठी समोर उभे पंखे लावले गेले. "बाबा, आज निघायचं," असं मी सकाळी घरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत तसंच छापलं होतं.

बाबा मंडळाचं हेल्मेट घालून माझ्या मागे बसले. शिट्टी झाली. अध्यक्षांनी डावा हात दाखवला की सगळे डावीकडे झुकायचो, उजवा दाखवला की उजवीकडे. बाबाही झुकत होते. जन्मभर शिस्तीत काम केलेला माणूस. एका तासाने थांबून पाणी झालं. मीटरवर आणखी साठ भरले तशी शिट्टी वाजली.

"पोहोचलो!" अध्यक्षांनी जाहीर केलं.

बाबांनी हेल्मेट काढलं. पंख्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कंडक्टर कुठंय?" त्यांनी विचारलं.

सचिवांनी वहीत पोहोचल्याची वेळ लिहिली.

बाबा गुडघ्यावर हात टेकत उतरले आणि बाहेर गेले. फाटकाशी दूधवाला मोपेडला रिकामे कॅन बांधत होता. त्याचं गाव काकांच्याच बाजूला. बाबा त्याच्याशी दोन शब्द बोलले. त्याने एक कॅन सोडून पुढे घेतला आणि मागे जागा केली. बाबांनी हेल्मेट पुन्हा चढवलं.

"बाबा, तुमचा मागे बसण्याचा परवाना अजून झालेला नाही!" मी दारातून ओरडलो.

मोपेड कोपऱ्यावरून वळली.

संध्याकाळी त्याच मोपेडवरून ते परत आले. पाठ अवघडली होती, शर्टाला दुधाचा वास येत होता.

"भेट झाली," ते म्हणाले. "तीन तास हात धरून बसलो. ओळखलं त्याने. तुला शोधत होता, माझ्या मागे दाराकडे बघत होता."

"पुढच्या वेळी मी नेतो."

"पुढची वेळ नाही," बाबा म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. अकराव्या दिवशी फोन आला.

मंडळाने दोन मिनिटं इंजिनं बंद ठेवून श्रद्धांजली वाहिली. ती बंदच होती. त्यानंतर पुढचा विषय आला, बाबांचं वर्तन. मंडळाचं हेल्मेट हद्दीबाहेर नेणे आणि विनापरवाना पोहोचणे, असे दोन ठपके होते. निषेधाचा ठराव मताला टाकला गेला. मुलगा म्हणून मला तटस्थ राहण्याची सवलत होती. पण नियम सगळ्यांना सारखे, म्हणून मी हात वर केला. ठरावाची प्रत मीच घरी नेऊन बाबांना दिली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"मी पोहोचलो होतो, हे लेखी आलं ते बरं झालं," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

माझे आता चारशे ऐंशी सामूहिक किलोमीटर झाले आहेत. मंडळही वाढतं आहे. गेल्याच महिन्यात आम्ही सभासदत्वासाठी क्रूझर असण्याची अट काढून टाकली, कारण खरी पात्रता गाडीत नाही हे अनुभवाने लक्षात आलं. कुठेतरी एक माणूस दाराकडे बघत असावा आणि त्याला आपण 'येतोच लवकर' असं सांगून ठेवलेलं असावं, एवढं पुरतं. त्यामुळे तुम्ही अर्ज करायची तसदी घेऊ नका. यादीत तुमचं नाव आहे.