लूशियस बातिस्तची मगर

शनिवार, २७ एप्रिल २०१९. दुपारचे बारा वाजून एकतीस मिनिटे झाली होती. अमेरिकेतील इरी शहराच्या ‘आइसब्रेकर्स’ या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कार्यालयात लांबलचक टेबलाभोवती नऊ माणसे बसली होती आणि समोरच्या भिंतीवरील फळ्यावरून निवडल्या गेलेल्या एकशे दहा खेळाडूंच्या नावांच्या पट्ट्या उतरल्या होत्या. कॉलेजातले नवे खेळाडू सगळ्या संघांनी पाळीपाळीने निवडून घेण्याचा हा वार्षिक सोहळा तीन दिवस चालतो; आता एकशे अकरावा खेळाडू निवडण्याची पाळी इरीची होती. त्यासाठी हातात पाच मिनिटे होती.

संघाचे प्रमुख पारखी ऑर्विल झेलिन्स्की यांची नजर फळ्याच्या तळाशी खिळली होती. तेथे लूशियस बातिस्त या नावाची पट्टी होती आणि तिच्यावर लाल ठिपका होता. लाल ठिपक्याचा अर्थ खोलीतील प्रत्येकाला ठाऊक होता: खेळ उत्तम, चालचलन संशयास्पद.

“ऑर्विल, त्या नावाकडे बघणं सोडा आता,” व्यवस्थापक डेक्स्टर हॉलवे म्हणाला. “तिथे मगर आहे.”

खोलीत हशा पिकला. ऑर्विल हसले नाहीत. ही मगर जन्माला कशी आली, त्याचे मूळ आपल्यापाशी आहे, अशी त्यांची खात्री होती.

या धंद्याची एक रीत आहे. निवडीपूर्वीच्या दोन महिन्यांत जो खेळाडू मनात भरला असेल, त्याची स्तुती कोणी चारचौघांत करीत नाही, नाहीतर दुसराच संघ त्याला आधी उचलतो. सोयरीक जुळवणाऱ्यांनी पसंत पडलेल्या स्थळाला मुद्दाम नाक मुरडावे, तसलाच हा प्रकार. ऑर्विल मात्र सरळ रेषेत चालणारे गृहस्थ. खोटे बोलायचे नाही, अर्धवट बोलायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. परंतु लुइझियानाच्या एका आडगावच्या कॉलेजात त्यांनी लूशियसला पाहिले आणि त्यांचे चित्त ढळले. बचावफळीच्या मध्यभागी असा गडी त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. शिवाय वर्षाच्या आरंभीच डेक्स्टरने त्यांना बजावले होते, “मागचे तीन मधले गडी तुम्हीच निवडलेत आणि तिन्ही फुसके निघाले. यंदाही तसंच झालं, तर सत्कार करून घरी पाठवू.” सत्काराचा केक सांगूनही झाला होता.

म्हणून फेब्रुवारीत, खेळाडूंच्या चाचण्यांसाठी सगळे पारखी जमले असताना, इंडियानापोलिसच्या एका हॉटेलात न्याहारीच्या वेळी, दुसऱ्या संघाच्या पारख्याने “तो बातिस्त कसा वाटतो हो?” असे विचारताच ऑर्विल उद्गारले, “पोरगा चांगला आहे, पण...”

आणि त्यांनी टोस्टचा घास घेतला. एवढेच. एक निःश्वास आणि एक घास.

दुपारपर्यंत हा ‘पण’ सगळ्या हॉटेलभर फिरला. संध्याकाळी लूशियस दर शुक्रवारी कोठेतरी गायब होतो असे निघाले. आठवडाभरात तो जुगारी ठरला. मार्च उजाडेपर्यंत त्याने वसतिगृहाच्या न्हाणीघरात मगर पाळली होती, आणि ती मगर प्रशिक्षकाला चावलीही होती. कुठे चावली, याबद्दल मात्र वार्ताहरांत मतभेद होते.

मग तीच मगर फिरत फिरत इरीला पोहोचली. संघाच्या मालकीणबाई श्रीमती हेन्रिएटा क्रॅनमर, वय वर्षे एकोणऐंशी, सॉसेजचा पिढीजात कारखाना चालवणाऱ्या, भर बैठकीत टेबलावर काठी आपटून म्हणाल्या, “मगरवाला माझ्या संघात नको. विषय संपला!”

ऑर्विलच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्यांसाठी खणलेल्या खड्ड्यात आपलाच गडी पडला होता. त्याला वर काढण्यासाठी त्यांनी लूशियसचे प्रशिक्षक थिबोडो यांना फोन लावला.

“साहेब, मगरीची गोष्ट खोटी आहे ना?”

 मग दबक्या आवाजात उत्तर आले, “मी तर मगर पाहिली नाही बुवा. पण तुम्ही एवढ्या लांबून विचारताय म्हणजे काहीतरी असणारच. थांबा, न्हाणीघरं तपासून घेतो.”

त्यांनी खरोखरच सर्व न्हाणीघरे तपासली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला: ‘कॉलेजात मगरीचा कसून शोध’.

तेव्हा ऑर्विलनी गस नावाच्या निवृत्त पोलिसाला लुइझियानाला धाडले. गस चार दिवसांनी परतला.

“पोरगा दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात जातो,” तो म्हणाला. “तिथे आजीच्या मैत्रिणी बिंगो खेळतात. हा त्यांना आकडे ओरडून सांगतो, कारण त्यांना ऐकू कमी येतं. दारू नाही, सिगारेट नाही. लायब्ररीची पुस्तकंसुद्धा वेळेवर परत!”

“पाहिलंत?” ऑर्विल आनंदाने डेक्स्टरकडे वळले.

“पाहिलं की!” डेक्स्टर म्हणाला. “बावीस वर्षांचा पोरगा आणि एवढा स्वच्छ? नक्की काहीतरी भयंकर लपवतोय. आणि बिंगो म्हणजे जुगारच की हो!” संध्याकाळपर्यंत हेही वार्ताहरांच्या कानी गेले, कारण डेक्स्टरच्या पोटात तीळ भिजत नसे. ‘इरीने पोलीस पाठवले’ ही बातमी फुटताच उरल्यासुरल्या संघांनीही लूशियसच्या नावापुढे लाल ठिपके लावले.

गुरुवारी पहिली फेरी झाली. शुक्रवारी दुसरी आणि तिसरी. लूशियसला कोणी हात लावला नाही. निवडीचा क्षण टिपायला त्याच्या घरच्या बैठकीत मांडलेला कॅमेराही टीव्ही वाहिनीने उचलून नेला.

आता घड्याळात तीन मिनिटे उरली होती.

“टोलेडोच्या संघाची पाळी आपल्यामागून आहे,” कोणीतरी म्हणाले. “त्यांनाही मधला गडी हवाय.”

ऑर्विल उभे राहिले.  “मॅडम, मगर नाही. कधीच नव्हती. इंडियानापोलिसला मी ‘पण’ म्हणालो आणि वाक्य पुरं केलं नाही. ते आता करतो. पोरगा चांगला आहे, पण आपण त्याला घेतलं नाही, तर माझ्या लबाडीपायी त्याचं वाटोळं होईल. केक आणा, मला घरी पाठवा, पण त्याला घ्या.”

श्रीमती क्रॅनमर यांनी चष्मा पुसला. “डेक्स्टर, मला कॉफी आण.”

“आत्ता? मॅडम, तीन मिनिटं—”

“साखर दोन चमचे.”

डेक्स्टर बाहेर पडला. बाईंनी काठीने दार लोटून घेतले.

“ऑर्विल, इतक्या वर्षांत तू एकही वाक्य अर्धवट सोडलं नाहीस. इंडियानापोलिसला एक सोडलंस हे कानावर आलं, तेव्हाच समजले, हा पोरगा तुला जीव की प्राण आहे. पण तुझा तो ‘पण’ फारच अशक्त होता रे. तेवढ्याने तो फार तर दुसऱ्या फेरीत घसरला असता. म्हणून संघमालकांच्या मेजवानीत मी मगर सोडली.”

“तुम्ही?”

“चावण्यापर्यंत माझी मजल गेली नव्हती. ते लोकांनी वाढवलं. पहिल्या तीन फेऱ्यांत आपण तीन तगडे गडी घेतले की नाही? बातिस्तला आधी घेतलं असतं, तर त्यातला एक गमावला असता. आणि हे डेक्स्टरसमोर बोलले असते, तर जेवणाआधी टोलेडोला कळलं असतं. तू मात्र पोलीस पाठवून माझ्या तोंडचं पाणी पळवलंस! गसने त्याला निर्दोष ठरवलं, ते लोकांनी खरं मानलं असतं म्हणजे?” त्यांनी फोन उचलला. “लाव त्याचा नंबर.”

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“लूशियस, इरीहून बोलतेय. आमच्याकडे येशील?”

“येतो मॅम!” आणि लगेच त्याने पुस्ती जोडली, “मॅम, देवाशपथ, माझ्याकडे मगर नाही.”

“ठाऊक आहे बाळ. माझ्याकडे होती.”

तेवढ्यात फोन कोणीतरी हिसकावून घेतला. “मी इर्मा, याची आजी! तीन दिवस माझं पोर जेवलं नाही. वार्ताहर माझ्या अंगणात काठ्या घालून मगर शोधतायत, माझ्या भेंडीचा चुराडा केलाय मेल्यांनी. कुणी उठवली ही आवई?”

 श्रीमती क्रॅनमर यांनी आयुष्यात प्रथमच मान खाली घातली.

“मीच, बाई. माफी मागायला स्वतः तुमच्या दारी येते. भेंडीही लावून देते.”

“शुक्रवारी या,” आजी थोडी निवळून म्हणाली. “बिंगोला आकडे सांगणारा आता कुणी उरला नाही. तुमचा आवाज चांगला खणखणीत आहे.”

लूशियसच्या नावाचे कार्ड निवडीच्या मंचावर पोहोचले तेव्हा घड्याळात अकरा सेकंद उरले होते. डेक्स्टर कॉफी घेऊन आला आणि फळा पाहून दारातच थबकला. ऑर्विलनी त्याच्या हातातील पेला घेऊन सावकाश संपवला. सत्कार रद्द झाला. मालकीणबाई त्या उन्हाळ्यात दर शुक्रवारी लुइझियानाला विमानाने जात राहिल्या.

आदल्या मोसमात इरीच्या संघाने सोळांपैकी तीन सामने जिंकले होते. लूशियस बातिस्तच्या पहिल्या मोसमात बारा जिंकले.