मास्तरांचा शेवाळप्रयोग

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं, "साखर खाली आणा, मग मोतीबिंदू काढू. पुढच्या महिन्यात परत तपासू." काकू शिवणकाम करायच्या. सुईत दोरा ओवता येईना म्हणून मशीन झाकून ठेवलं होतं आणि त्यांचा सगळा जीव त्या मशीनमध्ये अडकला होता. त्यांनी गोळ्या आणल्या, गोड सोडलं. एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं, पण काकूंना नवरा होता.

मास्तर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेची प्रयोगशाळा शिल्लक होती, हे शाळेचं नशीब. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, की तपकिरी समुद्री शेवाळातल्या काही द्रव्यांमुळे पिष्टमय अन्नाची साखर सावकाश होते, असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे, हे वाक्य मागच्या पानावर होतं. मास्तरांनी पान उलटलं नाही. अर्धं वाचून पूर्ण बोलण्यात त्यांचा हातखंडा होता.

लगेच शेवाळाच्या भुकटीचा डबा घरी आला. झाकण उघडताच शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"आजपासून गोळ्या बंद," मास्तर म्हणाले.

"अहो, पण डॉक्टरांनी..."

"गोळ्याही आणि शेवाळही? मग गुण कुणाचा म्हणायचा? तू दोन्ही वेळा वाटीभर शेवाळ घ्यायचं आणि वर केकचा तुकडा खायचा."

"केक? मी?"

"शेवाळाला काम नको का काही? मीही तेवढाच केक खाईन, पण शेवाळ न घेता. तुलनेला एक निरोगी माणूस लागतो."

निरोगी हे मास्तरांचं स्वतःबद्दलचं मत होतं. तपासणी त्यांनी कधीच केलेली नव्हती.

काकूंनी वाद घातला नाही. मास्तरांना पटवण्यापेक्षा चुकवणं सोपं, हे त्या संसारात केव्हाच शिकल्या होत्या. गोळी त्या बाथरूममध्ये जाऊन घ्यायच्या. शेवाळ सिंकमध्ये जायचं. राहिला केक. मास्तर बोलायला लागले की समोर येईल त्या बशीत त्यांचा हात जाई. काकू आपली बशी हळूच पुढे सरकवत आणि विचारत, "अहो, पण हे शेवाळ समुद्रात नेमकं वाढतं कसं?" एवढ्या प्रश्नावर दोघांचा केक आरामात संपायचा.

शेवाळाची भुकटी पाण्यात फुगते, हे विज्ञानाच्या शिक्षकाला ठाऊक असायला हवं होतं. सिंकच्या पाइपला ते आधी कळलं. पाइप तुंबला, प्लंबर आला आणि त्याने आतून तपकिरी, बुळबुळीत गोळे ओढून काढले.

"मास्तर, काय पाळलंय हे पाइपात?"

"वाट्या विसळल्याचं पाणी. दुसरं काय असणार?"

"विसळल्याचं? अहो, बादली भरली!"

प्लंबरने काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. मास्तर मात्र खुलले. "बघितलंस? वाटीला चिकटलेलं एवढं फुगतं, तर पोटात गेलेल्याने काय काम केलं असेल!"

प्लंबर सामान गोळा करून निघून गेला. मास्तरांनी त्याच दिवशी शेवाळ दुप्पट केलं. दुप्पट शेवाळाला काम हवं म्हणून केकही दुप्पट झाला. मास्तरांचा पट्टा सैल करावा लागला. काकू आता शेवाळ सिंकऐवजी संडासात ओतू लागल्या.

महिन्याने डॉक्टरांकडे दोघांचंही रक्त तपासलं गेलं.

"छान! काकू, शस्त्रक्रिया करून टाकू," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मास्तरांकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला किती वर्षं आहे?"

"काय?"

"साखर. बरीच जुनी दिसते."

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मास्तर खुर्चीतून उठलेच. "सिद्ध झालं! तिने शेवाळ घेतलं, तिची उतरली! मी घेतलं नाही, माझी चढली!"

"गोड बंद करा आणि गोळ्या सुरू करा," डॉक्टर थकून म्हणाले.

काकूंचा डोळा झकास झाला. सुईत पहिल्या झटक्यात दोरा गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. समोर मास्तर नाक दाबून शेवाळाचा घोट घेत होते. काकूंना क्षणभर त्यांची दया आली. खरं सांगून टाकावं, असंही वाटलं.

"दोन्ही वेळा तू हे गिळायचीस कशी गं?" मास्तरांनी विचारलं.

"डोळे मिटून," काकू म्हणाल्या. "आधी गोळी घ्या, मग वाटी संपवा. आणि खिडकीकडे कुठे निघालात? आता मला लांबचंही दिसतं."