अण्णांचा गोठा

दत्तूअण्णा चहाला आले की आधी दुधाचं पातेलं मागवतात आणि खिशातला लॅक्टोमीटर काढून त्यात सोडतात. काचेची नळी दुधात डुलायला लागली की माझ्या बायकोचा जीव टांगणीला लागतो. अण्णा डोळे बारीक करून म्हणतात, "पानी हाय. पर माफक हाय." मग चहा उकळतो.

आमच्या गल्लीतले हे गृहस्थ गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासायला होते. सख्ख्या मेव्हण्याची घागर त्यांनी सगळ्यांदेखत परत पाठवली होती. मेव्हणा अजून बोलत नाही. पुढे दुष्काळ पडला, जनावरं छावणीत गेली, संस्थेला कुलूप लागलं. अण्णांची बायको त्याआधीच वारली होती. अण्णांनी आपली तांबडी गाय पाणी असलेल्या एका पाहुण्याच्या गावी धाडली. ती तिकडेच दगावली. राहिला रिकामा गोठा. तोही कसा, तर खाली फरशी, वर दिवा आणि गाईला उकडतं म्हणून पंखा!

त्या पंख्यानं घात केला. यंदा घरपट्टीची नवी आकारणी झाली. मोजायला आलेल्या माणसानं फरशी बघितली, पंखा बघितला, रस्त्याकडचं दार बघितलं आणि गोठ्याची नोंद केली 'दुकानाचा गाळा'. दुकानाची पट्टी अण्णांच्या आवाक्याबाहेरची. त्यांनी कचेरीत हरकत घेतली; ती फेटाळली गेली, तर गोठा पाडण्यावाचून इलाज नव्हता.

अण्णांचं अन्नावरचं लक्ष उडालं. तांबडं फुटायच्या आत माझी कडी वाजायची.

"मास्तर, कचेरीतला साहेब म्हनला, गोठा हाय तर जनावर कुठं हाय? का म्हून इचारलं आसंल आसं?"

"विचारणारच की, अण्णा."

"मी लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोललोय. पर लई धाकधूक हुतीय."

शेवटी साहेब गोठ्याच्या पाहणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी खाली मान घालून म्हणाले, "तुमची कपिला द्या. पाहनीपुरती." आमची कपिला भाकड. दिली.

साहेब आले, गाय बघून खूश झाले. "चला, जनावर आहे. मिटलं." मी हुश्श म्हणणार, तोच अण्णा घाम पुसत पुढं झाले.

"साहेब, गाय मास्तरची हाय. माझी न्हाई."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. साहेबांचा चेहरा बदलला. "मग हा गोठा कशावरून?"

अण्णांनी त्यांना गव्हाणीपाशी नेलं. गाईच्या मानेनं घासून घासून तिचा काठ एका जागी खोलगट झाला होता. "ही झीज दुकानात हुती का, साहेब?" साहेबांनी काठावरून हात फिरवला आणि "कळवतो" म्हणून निघून गेले.

मग वाट बघणं सुरू झालं. मी विचारायचो, "निकाल?"

"न्हाई आला."

"मग कपिलेला नेऊ?"

"थांबा की. पुन्यांदा पाहनी आली तर?"

त्यांची ओढलेली मुद्रा बघून मलाच चैन पडेना. एक दिवस मी स्वतः कचेरी गाठली. साहेब चकित झाले. "अहो, ते कधीच मंजूर झालं. गोठा म्हणूनच नोंद झालीय. अण्णांना मी इथंच, समोर बसवून सांगितलं."

मी तिथून तणतणत निघालो. मला चिंतेत झुरवत ठेवून हा माणूस गप्प बसतो म्हणजे काय! चांगलं सुनवायचं ठरवून गोठ्यात शिरलो. अण्णा कपिलेची मान खाजवत तिला दिवसभराच्या बारीकसारीक गोष्टी सांगत होते. ती डोळे मिटून ऐकत होती. मला बघताच अण्णांचा हात थबकला, तोंड उतरलं. त्यांनी कासरा मुठीत घट्ट धरला.

"मास्तर, निकाल... न्हाई आला आजून."

उभ्या जन्मात खोटं न बोललेल्या माणसाची ती नजर बघून माझं सुनवायचं राहूनच गेलं.

"कचेरीची कामं, अण्णा," मी म्हटलं. "वेळ लागतोच. तोवर असू द्या तिला इथं."