घरात कुणी नाय

रखमाजी ढोणे गाणे ऐकत नसे. गाण्यात कोण खोकले, ते ऐकत असे.

हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. अतिशयोक्ती मला जमत नाही आणि ती करणाऱ्यांविषयी मला आदर नाही. माझ्या संग्रही त्या काळी दीडशेच्या वर तबकड्या होत्या. बऱ्याचशा हैदराबादेहून मागविलेल्या. उरलेल्या, छावणीतील एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली तेव्हा त्याच्या सामानातून घेतलेल्या. ख्याल, नाट्यपदे, कव्वाली, सतार, विलायती वाद्यमेळ, अमेरिकी जॅझ. जगाने थोर ठरविलेले संगीत माझ्या एका कपाटात होते. ते सर्व रखमाजीने ऐकले, आणि त्याने दिलेल्या एकाही मताचा संगीताशी संबंध नव्हता.

आमच्या संगीत मंडळाचे कार्यक्रम ज्या सभागृहात होत, तेथे तो शिपाई होता. निवृत्तीनंतर त्याने क्रांती चौकाजवळ, माझ्या घरामागच्या बोळात एक खोली घेतली. बायको पूर्वीच वारलेली, मुलगी दिल्या घरी. एका रविवारी दुपारी तो न बोलावता आला. वहाणा बाहेर काढल्या, दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसला, टोपी गुडघ्यावर अडकविली आणि म्हणाला, "लावा, मास्तर. कायबी लावा."

तीस वर्षे मी शाळेत गणित शिकविले. 'कायबी' या शब्दाची मला चीड आहे. तरी घरी आलेल्या माणसाला परत पाठविणे बरे नव्हे, म्हणून एका नामवंत उस्तादांचा ख्याल लावला. जाणकारांच्या मते ती त्यांची सर्वश्रेष्ठ तबकडी. वीस मिनिटे मी डोळे मिटून होतो. बाजू संपली.

"मास्तर, तंबोरेवाल्याला सर्दी झालीय."

"काय?"

"दोघातल्या एकाला. चारदा नाक ओढलं. पाचव्यांदा दम धरला बिचाऱ्यानं. गाणारानं डोळे वटारले असत्याल."

"आणि गाणे?"

"गाणं हाय की. गाणं कुठं जातंय."

तो उठून गेल्यावर मी ती बाजू पुन्हा लावली. नाक चार वेळा ओढले गेले होते. त्या दिवसापासून तो ख्याल मला निर्वेध ऐकता आलेला नाही.

पुढच्या रविवारी मी त्याला नामोहरम करण्याच्या हेतूने विलायती वाद्यमेळ लावला. साठ-सत्तर वादक एका वेळी वाजवीत होते. त्या गदारोळात नाक ओढणारा सापडणे अशक्य होते. रखमाजी यंत्राकडे पाठ करून, तोंड दाराबाहेर ठेवून बसला होता. शेवटी म्हणाला, "ह्यात एकाचं बूट करकरतंय. म्होरक्या असंल. त्योच एकटा हलतोय, बाकीचे बसून हायत."

अशा मेळात पुढे उभा राहून काठी हलविणारा एक माणूस असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही.

तबकडीला तो तवा म्हणे. एका इटालियन बाईंचा तवा त्याने ऐकला. त्यात त्या मरताना गातात. "रडती ठीक," तो म्हणाला, "पर दम कसा भरून घेती बगा. मरणारं माणूस एवढा दम घेत नसतं." एका प्रसिद्ध नाट्यपदातून त्याने पेटीच्या भात्याला भोक असल्याचा निष्कर्ष काढला. कव्वालीविषयी म्हणाला, "सा जण टाळ्या वाजवत्यात, एक जण नुसताच हात हलवतोय." जॅझ मला सहन होत नाही. ती तबकडी मी केवळ संचात आली म्हणून ठेवली होती. नेमकी ती त्याला आवडली. "हाटेलात वाजिवलंय. कुणी तरी गिलास ठिवला, एक बाई हसली. हे चांगलं. इथं माणसं हायत."

माणसं हायत, ही त्याची सर्वोच्च पदवी. आणि सर्वांत वाईट शेरा हा, की घरात कुणी नाय. पुढे पुढे मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेल्या तबकड्या येऊ लागल्या. त्यांत श्वाससुद्धा ऐकू येत नसे. त्यांच्यावर तो हळहळे. "झाडून सारवून ठिवलंय, मास्तर. पर घरात कुणी नाय."

या कानाचे मूळ मी एकदा त्याला विचारले. त्याचे बालपण वेरूळच्या डोंगरात मेंढ्यांमागे गेले होते. "मेंढरं राखणारानं मेंढरांकडं कान द्यायचा नसतो," तो म्हणाला. "मेंढरं तर हायतच. जे मेंढरू नाय, त्याच्याकडं द्यायचा. पोलिस ॲक्शनच्या टायमाला विमान आमच्या गावात सगळ्यांच्या आधी मी ऐकलं. पाटलाला सांगितलं, तर म्हणला, आग्या मोहळ उठलं असंल."

आमच्या मंडळाचे अध्यक्ष पेशाने वकील होते. माना डोलविणे हा त्यांचा दुसरा पेशा. ते एका रविवारी आले आणि सतारीचा एक सूर घसरत खाली आला तेव्हा गहिवरून म्हणाले, "वाहवा. काय मींड आहे."

"मशीनचा पट्टा सरकलाय, सायेब," चौकटीपासून रखमाजी म्हणाला. "मघाशीबी सरकला व्हता."

मी पट्टा तपासला. तो सैल झाला होता. त्यानंतर वकीलसाहेब रविवार टाळू लागले. रखमाजीचा मला झालेला हा एकमेव उपयोग, असे मी तेव्हा समजत होतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

माझ्याकडे एक ध्वनिमुद्रित फीत होती आणि ती सर्व तबकड्यांहून मोलाची होती. मंडळाच्या आरंभीच्या काळात एक मोठे गवई आमच्या सभागृहात गायले, तेव्हा मी ती स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर घेतली. मंचाजवळचा एकुलता प्लग ध्वनिक्षेपकाने अडविला होता, म्हणून मला मागच्या दाराजवळ बसावे लागले. गवयांनी त्या दिवशी जे गायले, ते पुन्हा त्यांनाही साधले नाही. विलंबित ख्याल ऐन भरात आला, ते समेवर उतरू लागले, आणि त्याच क्षणी माझ्या यंत्रापासून हातभर अंतरावर एक बाई खोकली. साधी खोकली नाही. छातीच्या तळापासून खोकली. त्या अनोळखी बाईविषयी इतक्या वर्षांत मी एकही चांगला शब्द उच्चारला नव्हता.

रखमाजी दर रविवारी शेवटी तीच फीत मागे. "आता ते आपलं लावा." फीत चालू असताना तो कोणताही शेरा मारीत नसे. खोकला येऊन गेला, की टोपी डोक्यावर ठेवून उठे आणि चालू लागे. त्यानंतर अर्ध्या तासाचे अप्रतिम द्रुत होते. ते त्याने एकदाही ऐकले नाही. अरसिकतेचा याहून ठळक नमुना मी पाहिलेला नाही, असे मी चारचौघांत सांगत असे.

ते गवई वारले. मंडळाने श्रद्धांजलीची सभा ठरविली. अध्यक्षांनी निरोप पाठविला, की फीत सभेत वाजवायची आहे, मात्र तो किळसवाणा खोकला काढून टाकावा. मला ते पटले. ब्लेडने फीत कापून दोन टोके जोडणे मला येत होते. रविवारी मी रखमाजीला तसे सांगितले.

त्याने गुडघ्यावरची टोपी काढून पुन्हा अडकविली. मग म्हणाला, "राहू द्या की."

"कारण?"

"गाणाराची काय हरकत नव्हती. त्यो थांबला नाय."

"ऐकणाऱ्यांची आहे."

"सभेत दुसरं लावा. तुमच्याकडं काय कमी हाय?"

"ही त्यांचीच श्रद्धांजली आहे. दुसऱ्याचे गाणे कसे लावणार?"

"मग खोकल्याच्या टायमाला आवाज बारीक करा."

"ती सम आहे, रखमाजी. तेथे आवाज बुडाला तर साऱ्यांना कळेल."

बुधवारी तो आडदिवशी आला. मुलीच्या गावाकडून आलेला खव्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. मी तो परत केला. गुरुवारी येऊन म्हणाला, "माणसानं खोकू नाय का, मास्तर?" मी म्हणालो, "घरी खोकावे." हे ऐकून तो माझ्याकडे असा पाहत राहिला, की मी वर्तमानपत्र उघडले. कारण न देता केलेली विनंती मी आयुष्यात कधी मान्य केलेली नाही. शुक्रवारी मी फीत कापली.

काम स्वच्छ झाले. पुढच्या रविवारी त्याने नेहमीप्रमाणे "आपलं लावा" म्हटले. मी लावले. विलंबित भरात आले, समेची जागा आली, गेली. रखमाजीचा हात टोपीकडे गेला होता, तो तेथेच राहिला. द्रुत सुरू झाले तरी तो उठेना. मला वाटले, अखेर याला गाणे सापडले. फीत संपून तिचे सुटे टोक फडफडू लागले तेव्हा तो म्हणाला,

"घरात कुणी नाय."

मग त्याने सांगितले, अगदी सरळ, हजेरी दिल्यासारखे. ती खोकणारी त्याची बायको होती. त्या दिवशी तिला छातीसाठी दवाखान्यात दाखवायला गावाहून आणली होती. परतीच्या गाडीला वेळ होता आणि रखमाजीची कामाची वेळ संपली नव्हती. म्हणून त्याने तिला मागच्या दारापाशी, पंख्याखाली बसविले. "तासभर पदर तोंडात कोंबून बसली व्हती. एकच सुटला. थंडी सरायच्या आत गेली."

"तिचा फोटो असेल," मी म्हणालो. काही तरी म्हणणे भाग होते.

"हाय. लग्नातला. त्यात ती दुसरीच कोण तरी दिसती." त्याने यंत्राकडे बोट केले. "खोकला तिचा हाय."

"मला हे आधी का सांगितले नाहीस?"

"तुम्हाला ठावं असंल, असं वाटायचं. खोकल्यामागं तुमचा आवाज हाय की. बारीक. 'त्या बाईला बाहेर काढ' म्हणलात मला. मी काढली. दार वाजतंय बगा त्याच्यामागं. म्हणून तिथनं फुडचं आम्ही दोघांनीबी ऐकलं नाय."

तो गेला. माझी फेकून देण्याची वृत्ती नाही. कापलेला तुकडा पंचांगात ठेवलेला होता. दार लावून मी तो यंत्रातून हाताने ओढून ऐकला. खोकला होता. त्यामागे, आजवर मी ज्याला यंत्राची खरखर समजत होतो, तो एका माणसाचा दबलेला, त्रासिक आवाज होता. शब्द स्पष्ट होते. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांना मी याच आवाजात बोलत असे.

जोडणी कापण्याइतकी सोपी नसते. सोमवारची दुपार त्यात गेली. मंगळवारी मी रखमाजीच्या खोलीवर निरोप धाडला. तो आला, बसला, ऐकले आणि मान हलविली.

"उलटी लागली, मास्तर. ही खोकला आत ओढतीया. ती बाहेर खोकायची."

मी पुन्हा कापली, फिरविली, चिकटविली. आता खोकल्याच्या आधी एक बारीक टकटक येते. तो दोष राहिला आहे. रखमाजीने ऐकून फक्त टोपी उचलली. नेहमीप्रमाणे तो खोकल्यापाशी उठून गेला.

सभेच्या दिवशी मंचाजवळचा प्लग जळालेला होता. तो दुरुस्त करण्याचा ठराव मंडळाने दोनदा संमत केला होता. त्यामुळे यंत्र पुन्हा मागच्या दाराजवळ ठेवावे लागले. गवयांची हार घातलेली तसबीर पुढे, आवाज मागून, आणि आमचे रसिक तसबिरीकडे पाहून माना डोलवीत होते. रखमाजी माझ्या शेजारी, दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता. खुर्ची देऊ केली होती. नको म्हणाला.

विलंबित भरात आले. गवई समेवर उतरू लागले, आणि ती खोकली.

सभागृहातल्या साऱ्या माना एकदम मागे वळल्या. अध्यक्ष अर्धवट उठले. त्यांची जळजळीत नजर रखमाजीवर स्थिरावली.

"आमची हाय," रखमाजी म्हणाला.

मागोमाग फितीतून माझा आवाज आला. तो आम्हा दोघांखेरीज कोणाला कळला नसावा. मग फितीतले दार करकरले. मी रखमाजीच्या हाताकडे पाहत होतो. टोपी गुडघ्यावरच होती. द्रुत संपेपर्यंत तो दाराला पाठ लावून तसाच बसून राहिला, आणि ते दार त्या दिवशी कोणालाही उघडता आले नाही.