गल्लीचं आरमार

बाजाराच्या दिवशी पहाटेच आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिट्टी वाजते आणि माझं डोकं फिरतं. आमच्या काष्टी गावापासून समुद्र केवढा लांब! तरी आमच्या गल्लीला आरमार आहे, आणि त्याचे सेनापती-खलाशी सगळे एकटे नाना. शिट्टीही त्यांचीच.

नाना माझे शेजारी, नौदलातून निवृत्त झालेले. नगरला रणगाड्यांचं लष्करी केंद्र असल्यानं जिल्ह्यात फौजी म्हटलं की लोकांना रणगाडेच आठवतात, म्हणून गाव त्यांना ‘मिलिटरीवाले’ म्हणतं. तसं म्हटलं की नाना भडकलेच. “आमी पान्यावरचे. तेलाची जहाजं सुखरूप येत्यात म्हून तुमचे टेम्पो चालत्यात. हाय का कुनाला त्याचं काही?”

त्यांचा सिद्धांत एकच. “नौदल नुसतं लढाईसाठी नसतं, वाट मोकळी ठिवायला असतं.” बाजाराला आलेले शेळ्या-गाईंचे टेम्पो सावलीसाठी आमच्या गल्लीत घुसतात. गल्लीचं तोंड ही नानांची सामुद्रधुनी. तिथे कडेला त्यांनी स्वतःची बंद पडलेली जीप उभी केली आहे. ती चालत नाही, हे मी एकदा लक्षात आणून दिलं. “चालायची गरजच न्हाई. ती हाय, येवढं शत्रूला दिसलं पायजे.”

माझी स्कूटर त्यांनी एकदा ढकलत नेऊन स्वतःच्या गोठ्यात लावली. मी तणतणत गेलो, तर म्हणाले, “बापू, आपलंच जहाज असलं म्हून काय झालं? वाट अडवली ना?” आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

गेल्या बाजारी एका टेम्पोवाल्याशी झटापट होऊन नानांचा सदरा फाटला. आता मात्र मी चिडलो. त्यांना त्यांच्या ओट्यावर बसवलं आणि म्हणालो, “नाना, एका दिवसाच्या बाजारापायी कशाला जिवाचं रान करता?”

फाटकी बाही चाचपत ते हळूच बोलले. “मागल्या साली प्रकाश आल्ता पुण्याहून.” प्रकाश म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. “मी हितंच बसलो हुतो, मटन शिजत हुतं. गल्लीत टेम्पो. त्यानं गल्लीच्या तोंडावरनंच फोन केला, म्हनला, नाना, गाडी आत येत न्हाई, परत कवातरी येतो. गेला तसाच. अजून न्हाई आला.”

गल्लीच्या तोंडापासून नानांचं घर साठ पावलांवर आहे. मला असा संताप आला, आणि तो टेम्पोवाल्याचा नव्हता. तोंडातून निघूनच गेलं, “चालत यायचं की त्यानं.”



“मला बी कळतं रं,” नाना म्हणाले. “पन वाट मोकळी असली म्हंजी त्याला सांगायला कारन तर उरनार न्हाई.”

तेवढ्यात आणखी एक टेम्पो आत वळला. नाना गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. त्यांना खाली बसवून मीच धावलो, आणि त्या ड्रायव्हरवर असा ओरडलो की घसा बसला.