मेश्राम सरांचा जुना फोन

मेश्राम सर डब्यातून एका वेळी एकच पोळी काढतात. काढली की झाकण लावतात, ती संपली की पुन्हा उघडतात. कर्वेनगरातल्या आमच्या चिमुकल्या ऑफिसात यावरून भरपूर टिंगल झाली, पण भंडाऱ्याचा माणूस ढिम्म हलला नाही. "हळू घ्या बापा. सगळं एकदम काहून ओढून घेता?"

कोड लिहितानाही हेच. आम्ही मोबाइलवर गोष्टी ऐकवणारं अ‍ॅप करत होतो. आपल्या आवाजातली गोष्टही त्यात टाकता यायची. तासाभराची गोष्ट म्हणजे भली मोठी फाईल. मी ती एका दमात वाचून अख्खी मेमरीतल्या बफरमध्ये ओतली. माझ्या नव्या फोनवर छान चालली. सरांनी ड्रॉवरमधून काच तडकलेला, रबरबँड लावलेला फोन काढला. "पहिले याच्यावर चालवा."

अ‍ॅपने तिथल्या तिथे मान टाकली.

"बफर म्हणजे ताट आहे मॅडम. अख्खं पातेलं कोणी ताटात उपडं करते का? थोडं वाढा, संपलं की अजून वाढा."

"सर, असले फोन आता संग्रहालयात असतात," मी म्हटलं. मी कसबा पेठेतली. मनात आलेलं पोटात ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही.

"माझ्या मायजवळ असाच आहे," सर म्हणाले. "एकटी राहते, पण दुसरा घेत नाही. मी फोन लावला तर मिनिटात ठेवून देते. मीटर पळून राहिलं म्हणते. एसटीडी बूथवरची सवय. आता तसं नसते हे सांगून सांगून थकलो मी."

म्हणून सरांनी बेत केला होता. आपलं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचं. आमच्या अ‍ॅपवर तिने ते निवांत ऐकायचं, मीटरची भीती नको. पण ते त्या डबड्यावर चालायला तर हवं!

मी कुरकुरत सगळं पुन्हा लिहिलं. फाईलचा एक तुकडा वाचायचा, ऐकवायचा, मग पुढचा. सरांनी स्वतःचंच रेकॉर्डिंग त्या जुन्या फोनवर लावलं.

"माय, मी बोलून राहिलो. जेवली का?"

आणि पुढे शांतता. मी वाट पाहिली. काहीच नाही. झालं, मुसळ केरात! मी कीबोर्ड ओढला. "सर, अडकलं. पुढचा तुकडा वाचलाच जात नाहीये."

"अडकलं नाही मॅडम." सरांनी हातानेच मला थांबवलं. "ती सांगून राहिली."

मग फोनमधून त्यांचाच आवाज आला, "बरं. भाजी काय केली होती?"

पुन्हा शांतता. मायच्या उत्तरापुरती सोडलेली. मी कीबोर्ड परत मागे सारला. सर त्या तडकलेल्या काचेकडे बघत हळूहळू मान डोलावत होते.